कांदा गप्प होतो तेव्हा

डब्यातला पहिला घास त्याने तोंडात घातला, चावला, आणि काहीच ऐकू आलं नाही. तो थांबला. पुन्हा चावला. मसूरभात होता, आईच्याच हातचा होता, मीठ बेताचं होतं, मिरी जिथे लागायची तिथे लागत होती, पण कुरकुर नव्हती. दुसरीकडे कुठे बसून जेवला असता तर ही गोष्ट त्याच्या लक्षातही आली नसती. पण तो जेवायचा ती जागाच वेगळी होती. कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची एक खोली असते. तिचं दार जाड असतं, भिंतींना आतून स्पंज लावलेला असतो, आणि बाहेर कुणी हातोडा आपटला तरी आत पत्ता लागत नाही. दुपारी ती खोली रिकामी असायची आणि तो डबा घेऊन तिच्यात शिरायचा. डॉक्टरीणबाई त्याची थट्टा करायच्या, की सगळं जग गप्पा मारत जेवतं आणि हा माणूस स्वतःचे दात ऐकत जेवतो. ते खोटं नव्हतं. त्या खोलीत स्वतःचा घास गिळल्याचासुद्धा आवाज यायचा आणि मसूरभाताच्या दिवशी तर त्याची चंगळच असायची. आई कांदा वेगळ्या छोट्या डबीत द्यायची, आधी भातात घातला तर मऊ पडतो म्हणून. जेवायच्या वेळी ती डबी भातावर उपडी करायची. तो कांदा काळपट तांबडा, करपायला एक पाऊल उरलेला, दाताखाली काचेसारखा मोडणारा आणि शेवटी जिभेवर एक कडू चिमटा सोडून जाणारा. त्या कडूपणासाठी तर तो भात. आज त्याने न बघताच डबी उपडी केली होती. आता बघितलं तर भातावर बदामी रंगाचा, मऊ, तेलाने चकाकणारा कांदा पसरला होता. तो गोड लागत होता. चांगला लागत होता, हेच वाईट होतं, कारण वाईट लागला असता तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं.

त्याला एकदम मावशी आठवली. मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी एकदा मीठ विसरली, सगळे हसले. मग एकदा दोनदा घातलं, तेव्हाही हसले. मग मुलांची नावं एकमेकांत मिसळायला लागली आणि हसणं थांबलं. आई मावशीपेक्षा मोठी. तिने गेल्या चाळीसेक वर्षांत किती वेळा हा भात केला असेल, त्याला हिशेब नाही. ताप असताना केलाय, भांडण झालेलं असताना केलाय, वीज गेलेली असताना मेणबत्तीच्या उजेडात केलाय, आणि प्रत्येक वेळी कांदा तसाच्या तसा. हात विसरत नाही म्हणतात. मग हातच विसरायला लागला तर पुढे काय काय विसरणार? त्याने डबा मात्र संपवला. भुकेपुढे त्याची काळजी कधी टिकली नव्हती.

दुपारभर तो कामात होता आणि कामात नव्हता. समोरच्याच्या कानाला हेडफोन लावायचे, आपण काचेपलीकडे बसून बटणं दाबायची, आवाज ऐकू आला की समोरच्याने हात वर करायचा, हे त्याचं काम. मग कागदावर रेघ निघते. डावीकडे जाडे आवाज, ढोल, मोटार, पुरुषांचं बोलणं; उजवीकडे बारीक आवाज, पक्षी, किल्ल्यांचा जुडगा, शिट्टी. बहुतेकांची रेघ उजवीकडे उताराला लागते, वय झालं की ती लागतेच. आईची मात्र तशी नव्हती. गेल्याच महिन्यात त्याने तिला मोठ्या मिनतवारीने इथे आणून बसवलं होतं, कारण दारावरची घंटा तिला ऐकू येईनाशी झाली होती आणि दूधवाला रागावून परत जायला लागला होता. तिची रेघ बारीक आवाजांपाशी सरळ खड्ड्यात उतरली होती. हा खड्डा त्याच्या ओळखीचा होता. हा म्हातारपणाचा नव्हे, कारखान्याचा. आईने तरुणपणी बरीच वर्षं सूतगिरणीत काढली, जिथे यंत्रांच्या गदारोळात बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. तो खड्डा त्याने डॉक्टरीणबाईंना दाखवला, त्यांनी मान डोलावली, या आठवड्यात आईला कानाचं यंत्र बसलं, आणि शहाण्या मुलासारखा तो समाधानाने घरी गेला. यंत्र बसल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते, "तुझी चप्पल किती वाजते रे," आणि दवाखान्यातले सगळे हसले होते.

चहाच्या वेळेला शिंपीकाका आले. त्यांनाही त्यानेच यंत्र दिलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी कानातून ते काढून टेबलावर ठेवलं.

"हे बघा, याने माझा धंदा बसवला," काका म्हणाले.

"काय झालं काका? आवाज मोठा येतोय का?"

"आवाज चांगला येतोय, तेच तर झालंय. माझं शिलाई मशीन इतका खडखडाट करतं हे मला ठाऊकच नव्हतं. बसलो की खडखड. उघडून बघितलं तर आत तेलाचा थेंब नाही. बिचारं किती वर्षं ओरडत असेल कोण जाणे. तेल दिलं, पट्टा बदलला. आता शिलाई येते कशी सरळ, दोरी धरल्यासारखी."

"मग बरं झालं की."

"कसलं बरं? काल एक जुनं गिऱ्हाईक आलं. पँट हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, आणि मला म्हणतं, काका, ही शिलाई तुमच्या हातची वाटत नाही. दुसरा कारागीर ठेवलात का?"

त्याने विचारलं, आवाज थोडा कमी करून देऊ का. शिंपीकाकांनी यंत्र उचलून पुन्हा कानात घातलं. "कशाला? राहू द्या. तक्रार करायची होती, ती केली," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले. त्यालाही हसू आलं. पण ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं, आणि का अडकलं ते संध्याकाळपर्यंत त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तो चालत निघाला. रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांची शटरं काही वर जात होती, काही खाली येत होती, बसच्या थांब्यापाशी माणसं माना वळवून एकाच दिशेला बघत उभी होती. घरी जाऊन आईला कसं विचारायचं, हे तो मनात घोळवत होता. आज वार कोणता, असं सहज विचारावं का? की शेजारच्या मुलीचं नाव काय गं, विसरलो बघ, असं म्हणावं? मावशीला डॉक्टर असलेच प्रश्न विचारायचे आणि मावशी चिडायची. कोपऱ्यावर ऑम्लेटची गाडी होती, रोजचीच. गाडीवाल्याने तव्यावर तेल सोडलं आणि मूठभर कांदा टाकला. चर्र झालं. तो दोन पावलं पुढे गेला आणि परत फिरला. गाडीवाल्याने विचारलं, साधं की डबल, आणि तो म्हणाला, काही नको, जरा ऐकतो. गाडीवाल्याने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, पण गिऱ्हाइकांची तऱ्हा त्याला नवी नसावी. कांदा आधी जोरात भांडत होता. मग भांडण निवळून नुसती कुरबुर उरली, बारीक, टोकदार, आणि मग तीही बसत गेली, आणि एका क्षणी तवा जवळजवळ गप्प झाला. तेव्हा कांदा बदामी होता. गाडीवाल्याने लगेच त्यावर अंडी फोडली. आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्यायेणाऱ्यांचे धक्के खात, त्याच्या डोळ्यांपुढे आईच्या कानाची रेघ आली. ही कुरबुर बारीक आवाजांतली. म्हणजे बरोबर खड्ड्यात.

त्याचे पाय आपोआप झपाझप पडायला लागले. डोकं मात्र मागे मागे चाललं होतं, लहानपणीच्या स्वयंपाकघरात, जिथे एक कायदा होता. आई शेगडीपाशी उभी असली की तिच्याशी बोलायचं नाही. हा कायदा कुणी केला, त्याला आठवत नव्हतं. बोललं तरी ती उत्तर द्यायची नाही, एवढंच. ताई आणि तो समजून चालले होते की स्वयंपाक ही फार लक्ष देऊन करायची गोष्ट असते आणि आई त्यात बुडालेली असते. त्या पाठमोऱ्या आईचा त्यांना मनातून आदर वाटायचा. ती वळली की मात्र सगळी तुमची. तुम्ही बोलाल तेव्हा सरळ तोंडाकडे बघत राहायची, एक शब्द सांडू न देता. शाळेतली भांडणं, गुण, मित्रांच्या चहाड्या, सगळं तो तिच्या त्या नजरेपुढे ओतत आला. आपल्या आईसारखं ऐकणारं माणूस जगात नाही, असं त्याला वाटायचं, आणि लोकांच्या कानांचं काम करायचं हे त्याच्या मनात आलं त्याचंही मूळ कुठेतरी तिथेच होतं. ती ओठ वाचत होती. हे कळायला त्याला इतकी वर्षं लागली आणि एक ऑम्लेटची गाडी लागली. त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती आणि ती थोडी वाटलीही, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं. आई विसरत नव्हती. मावशीचं जे झालं ते हिचं होत नव्हतं. रस्त्याने जाताना तो इतका उघड हसत होता की समोरून येणाऱ्या एका बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दार बायकोने उघडलं. आतून तेलाचा आणि बटाट्यांचा वास येत होता. आई शेगडीपाशी पाठमोरी उभी होती, तीच जुनी उभी राहण्याची तऱ्हा, एका पायावर भार देऊन, डावा हात कंबरेवर. तो स्वयंपाकघराच्या दारात थांबला आणि मुद्दाम, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आई, आज बटाटे का?"

"हो. हातपाय धुऊन घे," आई म्हणाली. ती वळली नव्हती.

तो तसाच उभा राहिला. आईच्या पाठीकडून त्याला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर मिळालं होतं. हातपाय धुवायला तो लगेच गेला नाही, कारण डोळे भरून आले होते आणि बायको बघत होती.

"काय झालं तुला?" बायकोने हळूच विचारलं.

"कांदा तिखट आहे," तो म्हणाला. कांदा अजून कुणी चिरलाही नव्हता.

जेवायच्या आधी तो आईजवळ ओट्याला टेकून उभा राहिला आणि दुपारच्या भाताचा विषय काढला. आईचा चेहरा एकदम उजळला. "लागला ना छान?" ती म्हणाली. "मी वाटच बघत होते, कुणी काही बोलतंय का. ही सकाळी म्हणाली चांगला झालाय, पण ही सून, ही चांगलंच म्हणणार."

"मी खरंच म्हणाले आई," बायको म्हणाली. "मला आजचा जास्त आवडला." त्याने तिच्याकडे फितूर माणसाकडे बघावं तसं बघितलं.

आई सांगायला लागली, आणि सांगताना बटाट्यांवरचं लक्ष तिने काढलं नाही. तिच्या आईने तिला स्वयंपाक शिकवला तो कानाने. आजी म्हणायची, रंगावर जाऊ नकोस, दिवा मंद असला की रंग फसवतो. कांदा उभा चिर, सगळा एका जाडीचा, तेल तापलं की टाक आणि मीठ चिमूटभर लगेच घाल, म्हणजे तो पाणी लवकर सोडतो. मग ऐक. आधी भांडेल, मग कुरकुरेल, मग गप्प होईल. गप्प झाला की काढ, एक क्षण थांबू नकोस. अर्धा मसुरीत ढवळ, अर्धा वरून घालायला ठेव. भात मंद आचेवर ठेवलास की झाकण उघडून बघायचं नाही, पाणी आटलं की तो आतून टिकटिक करतो, त्या टिकटिकीला आच बंद कर आणि उरलेल्या वाफेवर होऊ दे. बटाटे कोरडे झाले की तव्यात खडे घोळवल्यासारखे वाजतात, मगच उलट. "सगळं वाजतं रे," आई म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या बाबांना माझ्या हातचा भात इतका आवडायचा की शेजारच्यांना बोलावून खायला घालायचे. मग गिरणीत लागले. आणि मग हळूहळू माझा हातच गेला."

"हात कुठे गेला? आम्ही तर बोटं चाटायचो."

"तुम्ही पोरं. तुम्हाला काय कळतंय. मी कांदा टाकायची आणि ऐकायची, तर तो पहिल्यापासूनच गप्प. मला वाटायचं, कांदे बदलले, तेल बदललं, शेगडी बदलली. मग वास यायची वाट बघायला लागले, आणि वास येईपर्यंत तो काळा व्हायचा. रोज मनात म्हणायची, आज करपवला, उद्या नीट करू. आणि तुम्ही ताटं लख्ख करून उठायचात. मला वाटायचं, पोरं माझं मन राखतायत." तिने बटाटे उलटले. ते खरंच खड्यांसारखे वाजले. "परवा यंत्र घालून कांदा टाकला आणि तो भांडायला लागला. इतक्या वर्षांनी. मी डाव हातात धरून नुसती उभी राहिले. वाटलं, माझी आई मागे उभी आहे."

त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं. आई, मला तो करपलेलाच आवडतो, माझ्यासाठी तोच खरा आहे, तुझ्या हातची चव म्हणजे तीच. पण आईचा तो चेहरा बघून वाक्य परत गेलं. ती ज्याला इतकी वर्षं आपली चूक समजत होती तेच त्याचं बालपण होतं, आणि आता तिची चूक दुरुस्त झाली होती, त्यानेच केली होती, स्वतःच्या हाताने, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. यंत्र काढून कर म्हणावं तर तिच्या कानातली आजी पुन्हा जाणार. न म्हणावं तर ती कुरकुर गेली, तो कडू चिमटा गेला, त्या खोलीतलं ते जेवण गेलं. गंमत अशी, की यात दुःख कुठे ते त्याला सापडेना. एका घरात एकाच पदार्थाच्या दोन खऱ्या चवी होत्या, एक आजीची, एक त्याची, आणि दोन्ही आईच्याच हातून आलेल्या.

पण चेहरा लपवणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि तोंडाकडे बघून वाचायची आईची सवय यंत्र आलं म्हणून थोडीच जाणार होती.

"तुला नाही आवडला," आई म्हणाली.

"आवडला गं."

"खोटं बोलू नकोस. यंत्राने ऐकू येतं, डोळ्यांनी दिसतं. काय कमी होतं?"

मग त्याने सांगितलं. कुरकुरीचं, कडू चिमट्याचं, स्पंजाच्या खोलीतल्या जेवणाचं, सगळं, लहानपणी सांगायचा तसं, न थांबता. आई त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिली. मावशीसारखं होईल या भीतीचं आणि रस्त्यात ठरवलेल्या प्रश्नांचंही त्याने सांगून टाकलं, तेव्हा ती म्हणाली, "आज बुधवार आहे, आणि शेजारच्या मुलीचं नाव मला पाठ आहे, तुलाच ठाऊक नाही."

"म्हणजे तुम्ही मन राखत नव्हता," मग ती म्हणाली.

"नाही गं आई. आम्ही भांडायचो त्याच्यासाठी. ताई माझ्या ताटातला चोरायची."

आईने ओटा पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता. तिला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं, आणि तिच्या गालांवरून स्पष्ट दिसत होतं की ती खूश झाली होती, अशा एका गोष्टीवर, जिच्यासाठी तिने स्वतःला इतकी वर्षं बोल लावले होते. "मी आता नाही करपवणार," ती म्हणाली. "आता ऐकू येतं तर हात थांबतोच, त्याला मी काय करू? तुला हवा तर तू कर. शिकवते."

त्याने कांदे चिरले. उभे, एका जाडीचे, निदान त्याच्या मते. आईने त्यातले चार तुकडे न बोलता पुन्हा चिरले. तेल तापलं का बघायला लाकडी चमच्याचं टोक बुडवायला सांगितलं, त्याच्याभोवती बुडबुडे आले, मग कांदा पडला आणि भांडायला लागला. बायको दारात टेकून बघत होती. कायदा मोडला होता, शेगडीपाशी तिघंही बोलत होती, एकमेकांकडे न बघता. कांदा कुरकुरीवर आला. आई मान किंचित तिरकी करून उभी होती, दवाखान्यात हेडफोन लावून बसली होती तशीच, आणि बरोबर त्या क्षणी, तव्याचा आवाज बसल्याबरोबर, तिने तिथल्यासारखाच हात वर केला.

"गप्प झाला. काढ."

आईने आपला डाव घालून अर्धा कांदा झटकन बशीत काढून घेतला, बदामी, चकाकता, आजीचा. उरलेला अर्धा त्याच्या वाट्याचा तव्यात होता. तो ढवळत राहिला. कडा तांबूस झाल्या, मग तांबड्या. धुराची एक बारीक रेघ वर आली.

"अरे काढ की," आई म्हणाली. "जातोय तो. काढ म्हणते ना." कांदा काळपटाकडे झुकला. वास आला, तो शाळेतून आल्यावर जिन्यात भेटायचा तो वास. आईचा हात आपसूक डावाकडे गेला आणि तिने तो आवरून धरला. "ऐकू येत नाही का तुला?"

"नाही," तो तव्याकडे बघत म्हणाला.

मागून त्याला आईचं हसू ऐकू आलं, आणि तिने बदामी कांद्याच्या शेजारी दुसरी बशी आणून ठेवली.